सासूची साक्ष

ओंगार, डब्लिन
१९ डिसेंबर २०२३

अहो,

फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. आता निवांत बसून वाचा. चष्मा टीव्हीच्या कपाटावर असेल.

मी बरी आहे. थंडी मरणाची आहे, चार वाजता दिवे लावावे लागतात आणि आपली नात ईशा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. हे सगळं अभिजितनं तुम्हाला सांगितलंच असेल. त्यानं न सांगितलेलं मी सांगते.

परवा दुपारी मी केतकीला चहा करून दिला. कप तिच्या हातात जातोय तोवर माझा फोन वाजला. अभिजित, लिक्सलिपच्या ऑफिसातून. "आई, तू कशाला चहा करतेस? ती काय करतेय?" मी हसले, म्हटलं पोराला आईची काळजी. फोन ठेवल्यावर डोक्यात आलं, याला दिसलं कसं? केतकीनं नुसतं वर बघितलं. भांड्यांच्या कपाटावर (इथं त्याला प्रेस म्हणतात) एक इवलासा कॅमेरा बसवलाय. संध्याकाळी मी त्याला विचारलं तर म्हणाला, चोरांसाठी. चोर काय स्वयंपाकघरात फोडणी द्यायला येतात?

केतकी एकटी बाहेर जात नाही. तिचा पासपोर्ट आणि इथं राहायचं कार्ड त्याच्या ऑफिसच्या बॅगेत असतं. रोज जेवण झालं की ती आपणहून स्वतःचा फोन त्याच्या पुढ्यात ठेवते आणि तो वाचत बसतो. बायोमेडिकल इंजिनीयर मुलगी, पुण्यातली चांगली नोकरी सोडून आली, आणि आता शेजारणीशी बोलतानाही आधी त्याच्या तोंडाकडे बघते. तिच्या मनगटावर हिरवानिळा डाग आहे. म्हणते, दारात सापडलं. अहो, दारात बोटं सापडतात, मनगट नाही.

मला त्याला जाब विचारायचा आहे, पण जीभ उचलत नाही. माझाच मुलगा आहे. तुम्ही एकदा शांतपणे विचार करा आणि मला काय करू ते सांगा.

विजयालक्ष्मी


ओंगार
९ जानेवारी २०२४

अहो,

विट्याच्या तंटामुक्ती समितीचे तुम्ही अध्यक्ष. दोन्ही बाजू समोरासमोर घ्यायच्या, तक्रार मोठ्यानं वाचायची, मग चहा आणि समझोता. इतकी वर्षं तो चहा मीच केला. पण माझं खासगी पत्र तुम्ही अभिजितला फोनवर शब्दन् शब्द वाचून दाखवाल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

तुमच्या हिशेबी ती दुसरी बाजू ऐकणं झालं. इथं काय झालं ते ऐका. तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. हसून पाया पडला आणि म्हणाला, "आई, तुझा गैरसमज झालाय." मग ईशाला माझ्याजवळ बसवून केतकीला वरच्या खोलीत घेऊन गेला आणि दार लावून घेतलं. आवाज खाली येत होते. मी जिना चढले, दार ठोठावलं, त्यानं उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी केतकीच्या गालावर डाग होता आणि तिचा फोन कायमचा त्याच्या खिशात गेला.

त्या दिवशी मी ठरवलं की विचारायचंच. ती नळ सोडून भांडी घासत होती. पाण्याच्या आवाजात हळूच म्हणाली, "आई, माझं कार्ड त्याच्या नोकरीवर आहे. तो म्हणतो, एक ईमेल टाकली की मी पुण्याच्या विमानात आणि ईशा इथं त्याच्याजवळ. मी मार सहन करीन. ईशाला सोडून नाही राहू शकणार."

मी मान खाली घातली. माझ्या पोटच्या पोराला हे कुणी शिकवलं मला माहीत नाही. तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नाहीत, हे मी देवासमोरही सांगेन. इथल्या मंडळाच्या गणपतीत तो ढोल वाजवतो, सगळे त्याला अभिजितदादा म्हणतात, कुणाची बॅग विमानतळावर अडकली तरी हा धावतो. तो त्यांचा अभिजित आहे आणि हाही आहे.

यापुढे मी लिहीन, पण पत्रं टाकीन माझ्या सवडीनं. तुमच्यावरचा विश्वास सध्या उडालाय. राग आला तर येऊ द्या.

विजयालक्ष्मी


ओंगार
२८ जानेवारी २०२४

अहो,

हे पत्र तुम्हाला कधी मिळेल ते मलाही ठाऊक नाही. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण काल मी आयुष्यातलं सगळ्यात भारी हळदीकुंकू केलं.

आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात योगिनी राहते. ठाण्याची आहे, घरून डबे देते, तोंडानं फटकळ आणि मनानं सोनं. तिळाच्या वड्या सांगायला म्हणून गेले आणि तिच्यासमोर ढसाढसा रडले. ती म्हणाली, "काकू, इथं एक केंद्र आहे. बाहेरून आलेल्या लोकांना मोफत वकील देतात. नवऱ्यानं छळलेल्या बायका रोज येतात तिकडे. मी कधीमधी दुभाषी म्हणून जाते." मी म्हटलं, केतकीला नेऊ कशी? घरात कॅमेरा, बाहेर हा. वकिलीण घरी आली तर काय सांगायचं?

मग माझी नजर तिळाच्या वड्यांवर गेली. संक्रांत ते रथसप्तमी! पुरुषाला उंबऱ्याच्या आत यायला लाज वाटते असा एकच कार्यक्रम आपल्याकडे आहे.

बेत असा ठरला. हळदीकुंकू योगिनीकडे, पण आमंत्रण माझ्या नावानं. अभिजितला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आई मंडळात मिसळतेय. काठापदराची साडी नेसलेल्या केतकीला त्यानं स्वतः सोबत आणलं, वाणाच्या स्टीलच्या डब्यांचं खोकं स्वतःच्या हातानं दारापर्यंत आणून ठेवलं आणि बायकांचा घोळका बघून अंग चोरत पळाला. बायकोला वकिलापर्यंत पोचवलं कुणी, तर त्यानंच.

वकिलीणबाई ऑर्ला आधीच वर कोटांच्या खोलीत बसली होती. उंच, लालसर केस, पायात मातीचे बूट. मी आधी तिला हळदीकुंकू लावलं, हातात तिळगूळ दिला. लग्न झालेलं नाही म्हणाली, मी म्हटलं काही बिघडत नाही. मग तिच्यासमोर केतकीला बसवलं, योगिनी दुभाषी लागली तर म्हणून थांबली, आणि मी खाली आले.

खाली जमलेल्या बायकांना मी एवढंच सांगितलं होतं की आज उखाणे भरपूर आणि मोठ्यानं घ्यायचे. अभिजितचा फोन आला, "किती वेळ?" मी फोन तसाच धरून ठणकावून नाव घेतलं:

आयर्लंडच्या थंडीत दात वाजती कडकड,
बाळासाहेबांचं नाव घेते, पुरे तुमची बडबड!

बायका एवढ्या हसल्या की त्यानं फोनच ठेवून दिला. माफ करा, पण यमक तुमच्यावरच बसलं.

केतकी खाली आली तेव्हा रडलेली होती, पण चालणं वेगळं होतं. ऑर्लानं तिला सांगितलं की तिचं कार्ड रद्द करायचा अधिकार कुठल्याही नवऱ्याला नाही. छळ झालेल्या बाईला स्वतःच्या नावानं इथं राहायची परवानगी मागता येते. ईशाला तो असा हिसकावून ठेवू शकत नाही. त्याला घराबाहेर ठेवायचा हुकूम कोर्ट देऊ शकतं, आणि तो हुकूम मिळाला तर परवानगीच्या अर्जाला मोठा आधार होतो. हे सगळं ते फुकट करतात. फक्त एक प्रश्न ऑर्लानं विचारला: हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का?

केतकी म्हणाली, "आई, मी तुमचं नाव नाही घेतलं." मी म्हटलं, "मग माझं मी घेते."

विजयालक्ष्मी


ओंगार
८ फेब्रुवारी २०२४

अहो,

आधीचं पत्र आणि हे, दोन्ही आज एकदम टाकतेय. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

कोर्टात जायचं केतकीच्या मनात पक्कं होत आलं होतं, तेवढ्यात मंगळवारी सकाळी त्याला वास लागला. कुणीतरी मंडळात बोललं असणार की वर एक गोरी बाई होती. स्वयंपाकघरात त्यानं तिचा हात पिरगाळून तिला ओट्यावर दाबलं. ईशा दुधाचा कप धरून बघत होती. मी मध्ये पडले, त्यानं मला ढकललं नाही, खरं सांगते. फक्त म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस. तुझं परतीचं तिकीट मीच काढलंय."

तिकिटाची धमकी मला! मी पोळीचं फडकं उचललं आणि त्या कॅमेऱ्यावर टाकलं. ईशाला कडेवर घेतलं, पुढच्या खोलीत गेले आणि योगिनीनं शिकवलेला नंबर फिरवला. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "माय सन. बीटिंग माय डॉटर. कम." सून शब्द आठवलाच नाही आणि बरंच झालं.

पोलीस आले. इथं त्यांना गार्डा म्हणतात. दोघे होते, एक पोरगेलासा आणि एक बाई. बाईनं विचारलं, "इज युअर मॅन इनसाइड?" मी म्हटलं, "नो, नो, माय मॅन इज इन विटा." केतकी त्या अवस्थेतही खुदकन हसली. इथं 'तो माणूस' असं म्हणायची ही रीत, मला काय माहीत!

दुपारी ऑर्ला केतकीला घेऊन कोर्टात गेली. तात्पुरता हुकूम त्याच दिवशी मिळाला. पूर्ण सुनावणीपर्यंत अभिजितनं घरात यायचं नाही. गार्डांच्या समोर त्यानं बॅग भरली. पासपोर्ट आणि कार्ड टेबलावर ठेवायला लावलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तूसुद्धा?" त्याला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या तेव्हा तो असाच बघायचा. मी दाराला धरून उभी राहिले आणि रडले, पण त्याला थांबवलं नाही.

सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. साक्ष मी देणार आहे.

विजयालक्ष्मी


ओंगार
१६ फेब्रुवारी २०२४

अहो,

परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "पोराविरुद्ध कोर्टात उभी राहिलीस तर विट्याच्या घराचं दार तुला बंद." छान. इथं मुलाला दाराबाहेर ठेवायचा हुकूम, तिथं आईला. एकाच घरातली दोन माणसं एकदम बाहेर. तुमच्या समितीला हा तंटा कधी झेपायचा?

मी उभी राहिले. शपथेसाठी धर्मग्रंथ हवा का, विचारलं. म्हटलं, नको, तशीच खरं बोलीन. दुभाषी म्हणून ज्ञानदा नावाची मुलगी होती, गॉलवेहून आलेली, माझ्या सांगलीकडच्या बोलण्यालाही न अडखळणारी. खोलीत आम्ही मोजकीच माणसं. न्यायाधीश बाई होत्या, सर्दीनं बेजार झालेल्या.

मी सगळं सांगितलं. कॅमेरा, फोन, मनगट, वरच्या खोलीचं लावलेलं दार, ओटा. सांगताना एकदाही अभिजितकडे बघितलं नाही.

मग त्याच्या वकिलानं विचारलं, "हे सगळं तुम्हाला सुनेनं पढवलंय ना?" मी म्हटलं, "साहेब, मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलंय. पढवलेलं पोर मला दुसऱ्या वाक्याला ओळखू येतं. तुम्ही मला थांबवा आणि कुठूनही परत विचारा." त्यानं विचारलं. मी सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही त्याची आई आहात. आई अशी कशी बोलू शकते?"

अहो, या प्रश्नाची मला रोज रात्री भीती वाटत होती. पण उत्तर आपोआप आलं. म्हटलं, "आई आहे म्हणूनच आले. परकी असते तर हा दुसऱ्याच्या घरचा मामला म्हणून गप्प बसले असते. याला थांबवायचं काम माझं आहे, आणि मला एकटीला ते जमलं नाही, म्हणून तुमच्याकडे आणलंय."

ज्ञानदानं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा तिचा आवाज हलला. न्यायाधीशबाईंनी नाक पुसलं, ते सर्दीमुळे असेल. मग त्यांनी हुकूम वाचला. तीन वर्षं त्यानं त्या घरात पाऊल टाकायचं नाही. ईशाला भेटायचं ते दुसऱ्या माणसाच्या देखत.

बाहेर आल्यावर केतकी भररस्त्यात माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वर ओढलं आणि आम्ही दोघी गळ्यात पडून हसलो की रडलो, सांगता येत नाही. ऑर्लानं आम्हाला गरम चिप्स खायला घातले, व्हिनेगर शिंपडून. असं अन्न मी जन्मात खाल्लं नव्हतं. घरी गेल्यावर ईशा म्हणाली, "आज्जी, यू वेअर ग्रँड." ती कोर्टात नव्हतीच, पण तिचं बरोबर होतं.

पुढच्या आठवड्यात माझं विमान. सांगलीला पूर्णिमाकडे उतरतेय. धाकट्या बहिणीचं दार उघडं आहे.

विजयालक्ष्मी


सांगली
२१ जुलै २०२४

अहो,

केतकीचा परवानगीचा अर्ज ऑर्लानं कोर्टाच्या हुकुमासकट दिलाय. उत्तर आलेलं नाही. नकार आला तर नोकरी नाही, घर नाही, आणि ईशाला घेऊन परत यायचं की तिथंच लढायचं हा प्रश्न. केतकी रोज फोन करते आणि रोज म्हणते, "होईल आई." मी पण म्हणते, "होईल." फोन ठेवल्यावर दोघींना झोप येत नाही.

अभिजित दर रविवारी मला फोन करतो. लुकनला दोघातिघांत घर घेऊन राहतो. पहिले तीन महिने नुसता ओरडायचा, मी फोन कानापासून लांब धरून ऐकायचे. आता ओरडत नाही. कोर्टानं सांगितल्यावरून कुठल्याशा वर्गाला जातो, जिथं पुरुषांना बसवून विचारतात की हात का उचललास. परवा म्हणाला, "आई, तिथं सगळे माझ्यासारखेच आहेत." मी त्याला टाकलेलं नाही. टाकणारही नाही. पण त्याच्यासाठी खोटं बोलणार नाही.

तुमचा एकही फोन नाही. पाऊस बरा आहे असं ऐकते. गोळ्या वेळेवर घ्या.

विजयालक्ष्मी


गॉलवे
१२ एप्रिल २०२५

अहो,

झालं! ती जिंकली!

ऑक्टोबरात केतकीचं कार्ड आलं, हे तुम्हाला पूर्णिमानं सांगितलंय. पण पूर्णिमा मुद्द्याचं तेवढंच सांगते. केतकीनं व्हिडिओवर कार्ड इतकं जवळ धरलं की मला नुसता तिचा अंगठा दिसत होता. ओरडत होती, "आई, फक्त माझं! कुणाच्याही नोकरीवर नाही!" मागं ईशा सोफ्यावर उड्या मारत होती. तिकडे सांगलीत पूर्णिमाच्या घरात मी असा आवाज केला की खालचे काका वर धावत आले, त्यांना वाटलं गॅस उडाला.

कार्ड आलं तशी तिनं नोकरी मिळवली. गॉलवेत, हृदयात बसवायच्या नळ्या करणाऱ्या कंपनीत. नळीत बारीकसा दोष असला तरी ती पास करत नाही, तेच तिचं काम. चालत जाते, चालत येते. भाड्याचं छोटं घर आहे, समुद्राचा वारा खिडकीतून शिट्ट्या घालतो, प्रेसवर लोणच्याच्या बरण्या आहेत. महिन्यातल्या एका शनिवारी ती डब्लिनला त्या केंद्रात जाते आणि नव्यानं आलेल्या बायकांशेजारी नुसती बसते. म्हणते, पहिल्या दिवशी शेजारी कुणीतरी असावं लागतं.

अभिजितलाही भेटणार आहे. शनिवारी ईशाला भेटायची त्याची वेळ असते, तेव्हा मी जाईन. शेंगदाण्याची चटणी आणलीय त्याच्यासाठी. केतकीनंच आठवण केली, चटणी घेतलीत ना, म्हणून. एवढं मोठं मन मला या वयातही जमलेलं नाही.

आता विमानतळावरची गोष्ट. काचेमागं एक पिकल्या मिशांचा माणूस. पासपोर्ट उलटून बघितला, म्हणाला, मागच्या वेळी मुलाकडे आला होतात. आता कुणाकडे? मी म्हटलं, "केतकी. माय डॉटर-इन-लॉ." या वेळी शब्द पाठ करून गेले होते. त्यानं विचारलं, "आणि मुलगा?" म्हटलं, "तो पण इथंच आहे. पण मी तिच्याकडे आलेय." त्यानं केतकीचं निमंत्रणाचं पत्र वाचलं, तिची सही बघितली, मग माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "ग्रँड," म्हणाला आणि शिक्का मारला. मी बाहेर आले तेव्हा माझी मान अशी ताठ होती की ईशानं विचारलं, आज्जी, डझ युअर नेक हर्ट?

पूर्णिमाकडे तुम्ही निरोप ठेवलात तो पोचला. ईशाला बघायचंय, पुढच्या खेपेला मीही येऊ का, असं मला विचारलंत. सव्वा वर्षानं तुमचा शब्द आला, तो वाचून मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

पण मला विचारून उपयोग नाही. अभिजितला तर नाहीच. हे घर केतकीचं आहे आणि निमंत्रण तिच्या सहीनं निघतं. तिला तुम्ही स्वतः लिहा. ती हो म्हणाली तर विमानतळावर मी घ्यायला येईन. नाही म्हणाली, तर तेही ऐकून घ्या.

विजयालक्ष्मी